फुमी काय म्हणाली?

सेलोटेपचा तो तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटर लांब होता. दोन्ही कडा कात्रीने सरळ कापलेल्या, आणि उजवीकडचं एक टोक तांदळाच्या दाण्याएवढं आत दुमडलेलं; पुढेमागे काढायचा झाला तर नखाने उचलता यावा म्हणून. व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर, कोपऱ्यात, एक लहानसा चौकोनी खड्डा असतो. तो तुकडा त्या खड्ड्यावर बसवलेला होता.

खड्ड्यावर मुळात प्लास्टिकची एक पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. म्हणून लग्नामुंजीच्या कॅसेटची पट्टी लोक आठवणीने मोडतात. आणि ज्याला मोडल्या पट्टीच्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड करायचं असेल, तो खड्ड्यावर सेलोटेप लावतो. सत्त्याण्णव साली डोंबिवलीत एवढं शास्त्र घरोघरी अवगत होतं.

उत्तराने शुक्रवारी सकाळी तो तुकडा पाहिला, आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला शोभेल असा निष्कर्ष काढला. सेलोटेप आहे, वर लेबल नाही, कव्हर कोरं पांढरं. म्हणजे कॅसेट टाकाऊ. निष्कर्ष तर्काला धरून होता. चुकीचा होता, एवढंच.

कारण आता, त्याच शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला, टीव्हीच्या पडद्यावर तिचे सासरे भाऊ गळ्यात हार घालून पाटावर बसले होते आणि होमात तूप सोडत होते.

उत्तराचा हात आपोआप मनगटाकडे गेला. नाडी मिनिटाला एकशे चार.

ती भाऊंच्या साठीशांतीची कॅसेट होती. त्या सोहळ्याची एकमेव प्रत. सासूबाईंनी, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, देव्हाऱ्यानंतर जिला मान दिला होता ती. पहिल्या वर्षी दर रविवारी ती लागायची. मग भाऊ एकदा म्हणाले, "मंदा, सारखी लावून टेप झिजते. अक्का अजून बघायची राहिलीय. तिच्यासाठी राखून ठेवू." अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण, राहणार कल्याण. साठीशांतीच्या आदल्या दिवशी ओट्यावरून पडून तिचा पाय मोडला होता, आणि "माझ्या भावाची शांत मी पाहिली नाही" हे वाक्य ती तेव्हापासून प्रत्येक पत्रात लिहीत होती. परवा, रविवारी, अक्का जेवायला येणार होती. कॅसेट बघायला येणार होती असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

उत्तराने टेप थोडी मागे नेली. पडद्यावर एक जपानी मुलगी दिसली. मोठे डोळे, हातात अर्धी शिवलेली छत्री. पुढे नेली. होम. पुन्हा मागे. छत्री.

कॅसेटच्या खिडकीतून उजव्या रिळाची जाडी तिने डोळ्यांनी मोजली. सुमारे पंचेचाळीस मिनिटांची टेप गुंडाळलेली होती. तिचं रेकॉर्डिंग साडेचारला सुरू झालं होतं आणि वीज गेली तेव्हा थांबलं होतं. ती घरी आली तेव्हा भिंतीवरचं विजेचं घड्याळ चार बावन्नला थबकलेलं होतं, म्हणजे बावीस मिनिटं. तेव्हा पहिली तेवीसेक मिनिटं शाबूत, मधली बावीस गेली, पुढची शाबूत. बावीस मिनिटांत कोण गेलं असेल? मामेसासऱ्यांचं भाषण? की साठ दिव्यांचं ओवाळणं?

जिन्यावर चपला वाजल्या. मंदाकिनीबाई पोस्टातून आल्या होत्या. त्यांना निवृत्त व्हायला अजून चौदा महिने होते आणि घरीसुद्धा त्या खिडकीमागे बसल्यासारख्याच बोलायच्या.

"वीज आली का गं?"

"आली, आई." उत्तराने कॅसेट बाहेर काढली, कोऱ्या कव्हरात घातली आणि कपाटात जिथून घेतली होती तिथेच ठेवली.

"चेहरा का उतरलाय? भाऊ ठीक आहेत ना?"

"आहेत. गॅलरीत पेपर वाचतायत."

"मग ठीक."

ठीक काहीही नव्हतं. कॅसेटबद्दल कोणी विचारलं असतं तर पुढचा प्रश्न होता, काय रेकॉर्ड करत होतीस? त्याच्या पुढचा, घरात असताना रेकॉर्ड कशाला करावं लागलं? आणि त्याच्या पुढचा, घरात नव्हतीस तर कुठे होतीस? बाळकुमला मैत्रिणीच्या आजारी आईला बघायला जाते असं ती सांगून गेली होती. प्रत्यक्षात ती ठाण्याच्या एका कॉलेजात प्राचार्यांसमोर बसली होती.

ती याच कॉलेजात पूर्वी शिकवायची. दोन वर्षांपूर्वी भाऊंना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, दुपारचं घरात कोणीतरी असावं, आणि धक्का बसेल असं काही व्हायला नको. मंदाकिनीबाई पोस्टात, नवरा आनंद मुंबईला कंपनीत. 'कोणीतरी' म्हणजे कोण यावर घरात चर्चा झालीच नाही. उत्तराने रजा घेतली. मग वाढवली. प्राचार्यांनी तिला आजवर तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा तिने "विचार करून सांगते" असं म्हटलं होतं. आज ते चष्मा काढून म्हणाले होते, "बाई, सोमवारपर्यंत सांगा. नंतर मी दुसऱ्याला घेतो. येणार की नाही, एका शब्दात."

एका शब्दात उत्तराला काहीच सांगता येत नसे. आनंदने हॉटेलात "काय घेणार?" म्हटलं तरी ती "तू काय घेतोयस?" म्हणायची.

कदाचित म्हणूनच तिला फुमी आवडली होती.

ती एक जपानी कार्टून मालिका होती. केबलवर, हिंदी आवाजात, रोज साडेचारला. एका बंदरगावात फुमी नावाची मुलगी काकाच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करते. एवढंच. कोणी कोणाला मारत नाही, कोणी उडत नाही. छत्री येते, दुरुस्त होते, चहा होतो, मांजर जागा बदलतं. तिचा पहिला भाग गेल्या वर्षी महिनोन् महिने चालला होता. तो उत्तराने भाऊंच्या चहाच्या निमित्ताने पाहिला, पण खरं सांगायचं तर तो बेताचाच होता. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक भारदस्त आवाज तात्पर्य सांगायचा. कोणी उदास झालं की लगेच व्हायोलिन. आणि पाणी ठेवलं की तत्क्षणी उकळायचं.

यंदाच्या दुसऱ्या भागात भारदस्त आवाज नव्हता. व्हायोलिनही कमी झालं होतं. शेजाऱ्यांना नावं मिळाली होती, फुमीच्या हातून छत्र्या बिघडतही होत्या. आणि पाणी उकळायला पाण्याला लागतो तेवढा वेळ लागत होता. पहिल्यांदा तो प्रसंग पाहिला तेव्हा उत्तराने घड्याळ लावलं होतं. केटलीतून वाफ येईपर्यंत एक मिनिट दहा सेकंद नुसती केटली, आणि फुमी वाट बघत बसलेली. ज्याने हे काढलं त्याला माणसाबद्दल काहीतरी कळलं आहे, असं तिला वाटलं. हे ती कोणाला बोलली मात्र नाही. तीस वर्षांच्या सुनेने कार्टूनबद्दल कोणाशी बोलावं?

शुक्रवारी दुसऱ्या भागाचा शेवट होता. म्हणून सकाळीच व्हीसीआरच्या टायमरवर रेकॉर्डिंग लावलं; वीज गेली तरी त्याचं घड्याळ बॅटरीवर चालायचं. आणि शुक्रवार हा डोंबिवलीत वीज जायचा वार, हे तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं. पण ती सकाळी नऊला जाते आणि चारला येते, असा उत्तराचा हिशेब होता. वीज खरोखरच चारला आली. चार बावन्नला परत जाईल, हे हिशेबात नव्हतं.

शनिवारी भाजी आणायच्या निमित्ताने ती कोपरला परशुरामकडे गेली. परशुराम खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी भावाकडे सोपवून त्याने केबलचा धंदा काढला होता आणि लग्नकार्यांची शूटिंगही तोच करायचा. साठीशांतीची कॅसेट त्याचीच.

"परशुराम, एक विचारायचं होतं. भाऊंच्या शांतीची मूळ कॅसेट तुमच्याकडे असेल ना?"

"मास्टर?" परशुराम हसला. "वयनी, मास्टर कोन ठेवतंय? तिच्यावर क्रिकेटची टूर्नामेंट घेतली. मोठ्या गावची. बघायची काय?"

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाय. पन वयनी, तुमच्या घरात त्या कॅसेटीला मुंग्या लागल्यात का काय? मागल्या सालीपन असंच—"

"हळू बोला!" उत्तरा दचकली. समोरून सासूबाईंच्या पोस्टातला कुंडलिक सायकल हातात धरून येत होता. "मी आले होते हे कोणाला सांगू नका. माझ्या गळ्याची शपथ."

"नाय सांगनार. मी काय बोलतो, भाऊंनी—"

पण उत्तरा भाजीची रिकामी पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाला पोचलीही होती. कोणाचंही बोलणं मध्ये तोडू नये असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. भीती वाटली की माणूस स्वतःचेच नियम मोडतो.

रात्रभर तिने एक योजना आखली. पहिली तेवीस मिनिटं शाबूत आहेत. तेवढी लावायची. बावीस झाली की उठायचं, "चहा टाकते" म्हणायचं आणि टेप थांबवायची. चहानंतर अक्काला परतायची घाई असते. मुळात व्हीसीआरच चालला नाही तर त्याहून उत्तम. रविवारी सकाळी तिने व्हीसीआरच्या मागची वायर अर्धा आटा सैल केली आणि आनंदला हाक मारली.

"आनंद, चित्र नुसतं मुंग्यामुंग्या येतंय."

"हेड खराब झालं असेल. बघतो." आनंदला त्याच्या स्क्रू ड्रायव्हरवर जेवढा विश्वास होता तेवढा कोणत्याच माणसावर नव्हता. वायर त्याने पाहिलीच नाही. थेट झाकण उघडलं. तासाभराने सगळं परत बसवलं तेव्हा टेबलावर एक स्प्रिंग उरली होती आणि व्हीसीआर ठार मेला होता.

उत्तराच्या जिवात जीव आला. गॅलरीतून भाऊंचाही आवाज आला, "बिघडला का? अरेरे. जाऊ दे. अक्का काय, मलाच प्रत्यक्ष बघेल. कॅसेट कशाला हवी?" 'अरेरे' त्यांनी बऱ्याच उत्साहाने म्हटलं.

"जाऊ दे कसं?" मंदाकिनीबाई पुरण वाटता वाटता थांबल्या. "दोन वर्षं बाई वाट बघतेय! आनंद, त्या परशुरामला फोन कर. स्वतःचं मशीन घेऊन ये म्हणावं."

"अगं, रविवारचं त्याला कशाला—"

"तुम्ही पेपर वाचा."

भाऊंनी पेपर वाचायला घेतला. ते रोज दुपारीही गॅलरीत आरामखुर्चीत पेपर धरून बसायचे, पाठ टीव्हीकडे आणि तोंड गॅलरीच्या बंद काचांकडे. साडेचार ते पाच या वेळात पेपरचं पान कधी उलटत नाही, हे उत्तराने पाहिलं होतं. त्यावरून ते त्या वेळी झोपतात असा निष्कर्ष तिने काढला होता. काचेत टीव्ही अख्खा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

अक्का साडेबाराला आल्या. जिना चढून होईपर्यंत गुडघ्यावर बोलल्या, बसल्यावर भावावर. "वाळलास रे. सून खायला घालते की नाही?"

"घालते, अक्का. फार घालते."

पण पानावर भाऊंनी एकच पुरणपोळी घेतली, तीही अर्धी टाकली. उत्तराने ते पाहिलं. यांची तब्येत आजच बरी नाही. आणि आज पडद्यावर यांच्या होमाच्या जागी जपानी छत्री दिसली तर? धक्का बसेल असं काही व्हायला नको, डॉक्टरांचे शब्द होते. आपल्या हातून नुसती कॅसेट नाही, माणूस जायचा. तिने टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला, जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी पदराला बांधली आणि डॉक्टरांचा नंबर दोनदा मनात म्हटला.

चारला परशुराम आला, छातीशी व्हीसीआर कवटाळून. उत्तराकडे पाहून त्याने डोळे मोठे केले. मग भाऊंकडे पाहून तसेच मोठे केले. भाऊंनी छताकडे पाहिलं.

"आण रे ती कॅसेट," मंदाकिनीबाई आनंदला म्हणाल्या. "कुठेय? लाल कव्हर होतं, वर सोनेरी गणपती."

"लाल नाही, पांढरं आहे," उत्तरा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"पांढरं कधी झालं?"

आनंदने कॅसेट दिली, परशुरामने पहिल्यापासून गुंडाळून घेतली. अक्कांनी चष्मा पुसला, पडद्याला हात जोडले. मंदाकिनीबाईंनी पदर सारखा केला, जणू पडद्यातूनही त्यांना कोणी पाहणार होतं. उत्तराने घड्याळात पाहिलं. बावीस मिनिटं. बावीस मिनिटं आपण सुरक्षित आहोत.

पडदा निळा झाला, थरथरला, आणि व्हायोलिन वाजायला लागलं.

एक रेल्वे फलाट. धूर. फलाटावर मोठ्या डोळ्यांची मुलगी, हातात छत्री.

"ही कोण?" अक्का म्हणाल्या. "मंदाकिनी, तुझ्याकडची का?"

उत्तराला काही कळेना. हे तिने रेकॉर्ड केलेलं नव्हतं. तिची बावीस मिनिटं पुढे होती. ही पहिल्या भागातली फुमी होती, आणि हा शेवट तर तिने पाहिलाही नव्हता. गेल्या वर्षी त्या आठवड्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. पण आता हिशेबाची वेळ नव्हती. ती उठून उभी राहिली.

"आई, मी—"

"मंदा, मी—"

दोन्ही वाक्यं एकाच क्षणी सुरू झाली आणि एकाच क्षणी थांबली. भाऊही उभे राहिले होते. सासरा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले.

उत्तराने पदराची गाठ सोडली. "भाऊ, तुम्ही बसा. गोळी देऊ?"

"गोळी नको. बोलू दे मला. वर्ष झालं, जेवण जात नाही." भाऊ बसले नाहीत. "उत्तरा माहेरी गेलेली. त्याच दिवशी हिच्या त्या मुलीच्या गोष्टीचा शेवट होता. म्हटलं, इतके दिवस पोर आवडीने बघतेय, शेवट चुकतोय. रेकॉर्ड करून ठेवू. घरात कोरी कॅसेट नव्हती. मग... मी आठवलं. आपल्या शांतीच्या कॅसेटमध्ये पहिली वीस मिनिटं ह्या परशुरामने नुसता हॉलचा दरवाजा, खुर्च्या आणि चपला घेतल्यात."

"चपला हौसेने घेतल्या व्हत्या," परशुराम दुखावून म्हणाला. "आर्ट हाय ते."

"म्हटलं चपला गेल्या तर कोणाचं काय जातंय. सेलोटेप लावला. नंतर बघतो तर... चपलांच्या मागोमाग तुझी एन्ट्री होती. पैठणीतली. तीपण गेली. मग लेबल काढलं आणि लाल कव्हर टाकून पांढऱ्यात लपवली."



उत्तराच्या डोळ्यांसमोर ते तांदळाएवढं दुमडलेलं टोक आलं. भाऊ चाळीस वर्षं कारखान्यात नकाशे काढत होते. औषधाची पाकिटं, पत्रांचे लखोटे, बिस्किटांचे पुडे. सेलोटेप लावला की टोक दुमडायचं, ही त्यांची सवय. ते टोक ती रोज नखाने उचलत होती. आणि दोन दिवस ती स्वतःलाच विचारत होती की आपण हे का केलं. तुकडा कोणी लावला, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"म्हणून टेप झिजते काय!" मंदाकिनीबाईंचा आवाज पोस्टाच्या शेवटच्या टेबलापर्यंत गेला असता. "म्हणून अक्कांसाठी राखून ठेवायची! अहो, माझी साठीशांत!"

"साठीशांत माझी होती, मंदा."

"पैठणी माझी होती!"

"मी सांगतच व्हतो वयनींना," परशुराम म्हणाला. "भाऊपन मास्टर मागायला आलेले मागल्या साली. ऐकतंय कोन?"

"आई," उत्तरा म्हणाली. "पुढची बावीस मिनिटं माझ्याकडून गेली. परवा. मला वाटलं कॅसेट टाकाऊ आहे."

"तूपण?" आनंद म्हणाला. "म्हणजे माझा व्हीसीआर—"

"वायर सैल होती फक्त. मीच केलेली."

आनंदने खिशातली स्प्रिंग काढून हातात धरली आणि तिच्याकडे बघत बसला.

"श्शू!" अक्का ओरडल्या. "जरा गप्प बसा की! ती पोर गाडीत चढत नाहीये!"

सगळे पडद्याकडे वळले. गावातले लोक फुमीला निरोप द्यायला आले होते. शहरात शिकायला जायचं पत्र तिच्या हातात होतं. फलाटाच्या टोकाला काका खोकला. गाडी सुटली. धूर ओसरला तेव्हा फुमी तिथेच उभी होती. व्हायोलिनचा कल्लोळ झाला आणि भारदस्त आवाज म्हणाला, "और इस तरह फुमी ने अपना सुख त्यागकर अपना कर्तव्य निभाया."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. "गुणाची गं बाई."

"भिकार शेवट," भाऊ म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊ कधी कशाला भिकार म्हणाले नव्हते, मेव्हण्याच्या भाषणालासुद्धा. "भिकारच. तो काका नुसता खोकला आणि हिने गाडी सोडली. त्याला कोणी विचारलं का, की बाबा, तुला ही हवीय का घरात? तो काय पांगळा होता? म्हणून तर मी हा भाग उत्तराला दाखवला नाही. मंदाची भीती होतीच. पण म्हटलं, हे बघून पोरीला काय वाटेल? दुसरा भाग बघा. दुसऱ्यात तो काका सुधारलाय."

"भाऊ, तुम्ही दुसरा भाग बघता?"

"काचेत बघतो. उलटा दिसतो, पण कळतो."

पडद्यावर एक पांढरी रेघ खालून वर गेली आणि पुन्हा फुमी आली. तीच, पण रेघा बारीक झालेल्या, रंग मवाळ. दुकानात ती आणि काका. तिने केटली ठेवली. कोणी काही बोललं नाही. व्हायोलिन नव्हतं. केटली नुसती केटलीसारखी होती.

"काय चाललंय?" अक्का म्हणाल्या. "पहिल्यात रडायला तरी येत होतं. ह्यात नुसतं पाणी तापतंय."

"तापू दे, अक्का," भाऊ म्हणाले.

मंदाकिनीबाई रागाने हाताची घडी घालून बसल्या होत्या. पण त्यांची मान हळूहळू पडद्याकडे वळली. काकाने एक जुनी छत्री उघडली, शिवण बघितली, म्हणाला, चुकलीय. फुमीने उसवली. गिऱ्हाईक आलं, गेलं. मांजराने जागा बदलली. "त्या पोरीला दोरा नीट ओवता येत नाही अजून," मंदाकिनीबाई पुटपुटल्या, आणि थोड्या वेळाने, "आता आला." परशुराम चपलांबद्दलचा अपमान विसरून जमिनीवर मांडी घालून बसला. विसाव्या मिनिटाला अक्कांनी कोणी बोलायच्या आतच सगळ्यांना "श्शू" केलं.

मग काकाने कपाटातून एक पत्र काढलं. तेच, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याने ते टेबलावर ठेवलं. तो खोकला नाही. म्हणाला, "फुमी, मैंने कभी पूछा नहीं. तुम क्या चाहती हो?"

केटलीतून वाफ यायला लागली. फुमीने सुई खाली ठेवली. काकाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं—

"स्वाहा!" भटजी गरजले.

पडद्यावर भाऊ हार घालून बसले होते. शेजारी मंदाकिनीबाई, पैठणीत, अख्ख्या, डोळ्यांत धुराचं पाणी.

"अगंबाई, ही काय मी! आहे की मी!" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि लगेच, "पण ती काय म्हणाली?"

"चार बावन्नला वीज गेली," भाऊ म्हणाले. "मी त्या दिवशी समोरच बसून बघत होतो. मलाही नाही कळलं."

"परशुराम, मागे घे!"

"मागं घेऊन काय व्हनार, मावशी? टेपीवर नायच तर."

"मग परत कधी लागणार?"

"पुढल्या साली लागली तर लागली."

"पुढल्या साली!" अक्का हवालदिल झाल्या. होमाकडे, ज्यासाठी त्या दोन वर्षं थांबल्या होत्या, त्यांनी पाहिलंही नाही. "माझं वय काय! राहते म्हणाली असेल. मुलगी चांगल्या घरची दिसते."

"काकाच विचारतोय तर राहते कशाला म्हणेल?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"विचार करून सांगते म्हणाली असेल," आनंद म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं, पण म्हटल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

उत्तरा उभीच होती. मुठीत गोळीची डबी होती. मनगटावर बोट न ठेवताही तिला नाडी ऐकू येत होती. पडद्यावर तिचे सासरे होमात तूप सोडत होते, आणि पडद्याबाहेरचे सासरे तिच्याकडे बघत होते.

"बाळकुमच्या त्या मैत्रिणीची आई," भाऊ हळूच म्हणाले, "गेल्या वर्षीच वारली ना गं? तूच सांगितलेलंस."

उत्तराने मान खाली घातली.

"मला दुपारी सोबत लागत नाही, पोरी. मी टीव्ही सरळ बघेन." भाऊंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. ती काय म्हणाली असेल?"

भटजी मंत्र म्हणत होते. अक्का, मंदाकिनीबाई, आनंद, परशुराम, सगळे तिच्याकडे बघत होते, जणू तिने तो भाग पाहिलाच होता आणि मुद्दाम सांगत नव्हती. उत्तराने गोळीची डबी टेबलावर ठेवली.

"मी उद्यापासून कॉलेजला जाणार आहे," ती म्हणाली.